कॉट बेसिसची खोली किंवा शेअरिंगचा फ्लॅट सोडताना : नोटीस, भाडं आणि डिपॉझिट

पुण्यात खोली मिळवून द्यायला एजंट असतो, रूम पार्टनर शोधणारे ग्रुप असतात, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतात. खोली सोडताना यातलं कोणी नसतं. लातूर, परभणी, जळगावहून स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट घेतलेली मुलंमुली, हिंजवडीत नोकरी लागली म्हणून वाकडला चौघांत फ्लॅट घेतलेले, यांच्यापैकी अनेकांच्या नावावर करार नसतो आणि भाड्याची पावतीही नसते. सगळं तोंडी ठरलेलं असतं. सोडायची वेळ आली की मालकीणबाई म्हणतात, "महिनाभर आधी सांगायला हवं होतं." रूम पार्टनर म्हणतो, "डिपॉझिट मालकाकडे आहे, मी कुठून देऊ?" पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्यांना हा सगळा हिशेब नीट लावता यावा म्हणून हे लिहितो आहे. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्रातले आहेत, उदाहरणांतले आकडे मी धरलेले आहेत.

पहिली पायरी : आपला व्यवहार कोणाशी आहे ते ओळखा

नोटीस कोणाला द्यायची, भाडं कोणाला देणं लागतो आणि डिपॉझिट कोणाकडे मागायचं, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस असतो. तो कोण, हेच बहुतेकांना धड माहीत नसतं. साधारण तीन प्रकार दिसतात.

कॉट बेसिस किंवा पीजी. पैसे थेट मालकाला किंवा चालवणाऱ्याला देता. शेजारच्या कॉटवरच्या मुलाशी तुमचा पैशांचा काहीही संबंध नाही. त्याने भाडं थकवलं तरी तुम्ही देणं लागत नाही, आणि तुम्ही सोडून गेलात तरी तुमचा वाटा कोणी त्याच्याकडे मागू शकत नाही. हा सगळ्यात सरळ प्रकार.

दुसरा प्रकार : करारावर सगळ्यांची नावं. चौघांनी मिळून लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीचा करार, केलं आहे आणि चौघांच्या सह्या आहेत. इथे "माझा वाटा मी दिला, माझा विषय संपला" असं म्हणून चालत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ नुसार, अनेकांनी मिळून दिलेलं वचन त्यांच्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण करून घेता येतं, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणजे एकाने भाडं बुडवलं तर मालक उरलेल्या तिघांकडे किंवा एकट्या तुमच्याकडे पूर्ण भाडं मागू शकतो. तुम्ही ते भरून मग त्या चौथ्याकडून त्याचा वाटा वसूल करायचा, तेवढा हक्क त्याच कलमात आहे. वाटणी तुमची आपापसातली, मालकाला तिच्याशी देणंघेणं नाही.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त भांडणंही त्यातच होतात. करारावर एकाचंच नाव, बाकीचे "ॲडजस्ट" झालेले. तुम्ही दरमहा त्या मित्राला यूपीआय करता, तो मालकाला एकरकमी देतो. तुमचा व्यवहार त्या मित्राशी आहे. तोंडी असला तरी तो व्यवहारच आहे, कारण आपल्याकडे तोंडी करारही करार ठरतो. नोटीस त्याला द्यायची, डिपॉझिट त्याच्याकडे मागायचं. मालकाला तुम्ही तिथे राहता हे माहीतच नसेल तर त्याच्याकडे तुमचं काही निघत नाही, आणि त्याने हरकत घेतली तर तुमची बाजू लंगडी पडते.

आपण कुठल्या प्रकारात आहोत हे कळत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट उघडा. डिपॉझिट कोणाच्या खात्यात गेलं आणि दरमहा भाडं कोणाच्या खात्यात जातं, एवढं बघितलं की निम्मं काम होतं.

दुसरी पायरी : नोटीस किती दिवसांची?

लेखी काही असेल तर ते आधी वाचा. नोंदणीकृत करारात नोटीसचं कलम असतंच, बहुधा एक महिन्याचं. त्याच्या वरखाली "लॉक-इन" नावाची ओळ आहे का तेही बघा. लॉक-इन सहा महिन्यांचं असेल आणि तुम्ही चौथ्या महिन्यात निघालात तर मालक उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं मागू शकतो. मात्र करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई. मालकाने दहा दिवसांत नवीन भाडेकरू बसवला असेल तर दोन महिन्यांचं पूर्ण भाडं वाजवी कसं, हे त्याला शांतपणे विचारायला हरकत नाही.

करार नसेल तर व्हॉट्सॲप चाळा. खोली घेताना "एक महिना आधी सांगावं लागेल" असा मेसेज आलेला असतो आणि आपण त्यावर अंगठा दाखवलेला असतो. तोही पुरावाच.

काहीच ठरलेलं नसेल तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ नुसार, महिन्याच्या महिन्याला चालणारी भाडेदारी कोणत्याही बाजूने १५ दिवसांच्या लेखी नोटीसने संपवता येते. पण कॉट बेसिसवर राहणारा बहुतेक वेळा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो. त्याला जागा वापरायची परवानगी असते, म्हणजे लायसन्स. त्यासाठी १८८२ चा ईझमेंट्स कायदा लागतो आणि त्यात दिवसांचा ठरीव आकडा नाही. उलट परवानगी काढून घेतली तर राहणाऱ्याला जागा सोडायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असं कलम ६३ म्हणतं. "उद्या सकाळी बॅग भर" हे मालकालाही म्हणता येत नाही.

व्यवहारात पुण्यात एक महिन्याचीच रीत आहे आणि ती पाळणं शहाणपणाचं. १५ दिवसांवर अडून बसण्यात वाचतात थोडे पैसे, आणि डिपॉझिट अडकतं ते वेगळंच. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या : महिना कसा मोजतात? काही ठिकाणी सांगितल्या दिवसापासून तीस दिवस धरतात. काही मालकीणबाई एक तारीख ते एक तारीख असाच महिना धरतात, म्हणजे १० तारखेला सांगितलंत तर तुमचा नोटीसचा महिना पुढच्या १ तारखेला सुरू होतो. आधी ठरलेलं नसताना अशी मोजणी शेवटी लादणं मला रास्त वाटत नाही. तरी वाद नको असेल तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच सांगून टाका.

अकरा महिन्यांच्या कराराबद्दल दोन गैरसमज फार आहेत. एक, अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही. इतर राज्यांत तसं असेल, महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता नोटरी केलेला स्टॅम्प पेपर म्हणजे नोंदणी नव्हे. हे कलम लक्षात ठेवा. डिपॉझिट मागताना ते नुसतं माहीत असणंही उपयोगी पडतं. धमकी म्हणून मात्र पहिल्याच दिवशी काढू नका.

दुसरा गैरसमज : करार संपला तरी "बोलून" राहता येतं. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. चार दिवस जास्त हवे असतील तर तसा होकार मेसेजवर घ्या.

तिसरी पायरी : नोटीस लिहून द्या, दोन्हीकडे

फोनवर बोला, जिन्यात भेटल्यावर सांगा, पण त्याच दिवशी लिहूनही पाठवा. काकूंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर मेसेज गोड लिहा. पण तारीख आणि आकडे त्यात हवेतच. नमुना असा :

"काकू, नमस्कार. मी वरच्या खोलीतली कॉट ५ डिसेंबरला सोडतो आहे. एक महिना आधी सांगायचं आपलं ठरलं होतं, त्याप्रमाणे आज ५ नोव्हेंबरला कळवतो. नोव्हेंबरचं भाडं ३,५०० रुपये १ तारखेला दिलं आहे. डिपॉझिट ३,५०० रुपये तुमच्याकडे आहे. ते निघताना मिळेल का, ते कळवा. नवीन मुलाला खोली दाखवायची असेल तर संध्याकाळी सातनंतर मी असतो."

उत्तर म्हणून नुसतं "ठीक आहे" आलं तरी पुरे. व्हॉट्सॲपवर "डिसअपिअरिंग मेसेजेस" चालू असेल तर बंद करा, चॅटचा बॅकअप घ्या आणि फोन बदलणार असाल तर आधी चॅट नव्या फोनवर आलं का ते तपासा. इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात, पण त्यासाठी त्या शिल्लक राहिल्या पाहिजेत. मालक वयस्क असतील, स्मार्टफोन वापरत नसतील, तर साध्या कागदाच्या दोन प्रती करा आणि एकीवर "मिळाली" म्हणून सही-तारीख घ्या.

फ्लॅटमध्ये दोन मेसेज लागतात. ज्याच्याशी व्यवहार आहे त्याला एक आणि पार्टनर लोकांच्या ग्रुपवर दुसरा. तुम्ही निघाल्यावर भाडं चारऐवजी तिघांत विभागलं जाणार, हा फटका त्यांना बसतो. नवीन पार्टनर शोधायला मदत करा, पोस्ट टाका, फोन घ्या. पण कोण राहील ते राहणाऱ्यांना ठरवू द्या. त्यांनी दोन-तीन बऱ्या मुलांना उगाच नाकारलं, तरी तुमची देणेदारी नोटीसच्या शेवटच्या तारखेलाच थांबते. हे त्याच मेसेजमध्ये लिहून ठेवा : "मी ५ डिसेंबरपर्यंतचं भाडं देईन. त्यानंतरचं माझ्याकडे नाही."

करारावर तुमचं नाव असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. तुम्ही नागपूरला जाऊन पोचलात तरी कागदावर तुम्ही त्याच फ्लॅटमध्ये असता. मालकाशी बोलून उरलेल्यांच्या आणि नव्याच्या नावाने नवीन करार करून घ्या. तो ऑनलाइन होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, त्यात डिपॉझिटवरचं मानीव (म्हणजे मिळालं असतं असं धरलेलं) व्याजही मोजतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. हा खर्च बहुधा निघणारा आणि येणारा वाटून घेतात. नवीन करार लांबणार असेल तर निदान मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या : अमुक तारखेपासून अमक्याने जागेचा ताबा सोडला, त्याच्याकडे काही येणं नाही.

चौथी पायरी : हिशेब

वाकडमधला एक फ्लॅट धरू. भाडं २४,००० रुपये, राहणारे चार, प्रत्येकी ६,०००. डिपॉझिट ६०,०००, प्रत्येकी १५,०००. तुम्ही ५ नोव्हेंबरला नोटीस दिलीत, नोटीस ५ डिसेंबरला संपते, पण नवीन नोकरीमुळे २० नोव्हेंबरलाच सामान हलवलंत.

नोव्हेंबरचं पूर्ण भाडं तुमचंच. सामान हलवलं म्हणून भाडं थांबत नाही. डिसेंबरचे पाच दिवस : ६,००० भागिले ३१, गुणिले ५, म्हणजे साधारण ९६८ रुपये. आता नवीन पार्टनर २५ नोव्हेंबरलाच राहायला आला आणि त्या दिवसापासून भाडं देऊ लागला. मग डिसेंबरचे ९६८ तुम्ही द्यायचे कारण उरत नाही. उलट २५ ते ३० हे सहा दिवस तुम्ही आधीच भरलेले आहेत. रोजचे २०० प्रमाणे १,२०० रुपये तुम्हाला परत यायला हवेत. एकाच कॉटचं भाडं दोघांकडून घेणं ही पुण्यात सर्रास चालणारी गोष्ट आहे. सरळ विचारलं की बहुतेक लोक ओशाळून परत देतात.

लाइट बिल तुम्ही गेल्यावर येतं, त्यामुळे तिथे अंदाजाचं राजकारण चालतं. ते टाळायला निघायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. महावितरणच्या मागच्या बिलावर शेवटचं रीडिंग असतंच. समजा फरक ७६ युनिटचा. युनिटचा दर मात्र बिलावरून एकच असा उचलू नका. पहिल्या १०० युनिटांचा वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, असे टप्पे असतात, वर स्थिर आकार असतो. सोपा मार्ग असा : मागच्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. ते ९ रुपये आले असं धरलं तर ७६ युनिटचे ६८४, तुमचा वाटा १७१. एसी एकाच खोलीत असेल तर हा भागाकार न्याय्य नाही. तेव्हा आधी जे ठरलं असेल तेच चालवा.

वायफाय महिन्याचं असतं, तुमचा वाटा २०० असेल तर पूर्ण द्या, दिवस मोजत बसू नका. शेवटचा आकडा : १५,००० अधिक १,२००, वजा १७१, वजा २००. म्हणजे १५,८२९ रुपये. हा हिशेब ग्रुपवर टाका, तोंडी सांगू नका.

मेसचं वेगळं. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतील तर निघायच्या आठवडाभर आधी खाडे लावायला सांगा. गेल्यानंतर खाडे धरायला कोणतीही मेस तयार होत नाही.

आता कपातीबद्दल. पेंटिंगच्या नावाखाली एक ठरीव रक्कम कापायची पद्धत पुण्या-मुंबईत आहे. करारात लिहिली असेल तर ती द्यावी लागते. लिहिलेली नसेल तर रोजच्या वापराने भिंत मळणं, रंग फिका पडणं ही झीज झाली. तिचे पैसे राहणाऱ्याकडून घ्यायचे नसतात. तुटलेली काच, जळलेलं काउंटर, भिंतीत ठोकलेले खिळे हे नुकसान. त्याचे पैसे द्या, पण बिल मागा.

"शेवटच्या महिन्याचं भाडं देतच नाही, डिपॉझिटमधून वळतं करा" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मालक तयार असेल तर उत्तम, तसा मेसेज घ्या. तो तयार नसताना परस्पर भाडं थांबवलंत तर ती थकबाकी होते. आणि चौघांच्या करारात तर तुमचं थांबवलेलं भाडं त्या महिन्यात उरलेल्या तिघांना भरावं लागतं. मालक बुडवणारा आहे हे पक्कं माहीत असेल, तर कॉट बेसिसवाल्याने हे केलं तर मी त्याला दोष देणार नाही. फ्लॅटवाल्याने करू नये.

डिपॉझिट नव्या पार्टनरकडून घेताना

शेअरिंगमध्ये डिपॉझिट फार वेळा मालकाकडे परत जातच नाही. येणारा जाणाऱ्याला देतो, आणि मालकाकडे पहिल्या चौघांनी दिलेले ६०,००० तसेच पडून राहतात. पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात एक खोच आहे. फ्लॅट शेवटी सोडताना मालक १०,००० कापतो, आणि ते भरतात तेव्हा राहणारे. तीन वर्षांपूर्वी दार कोणी मोडलं, हे तेव्हा कोणाला ठाऊक? म्हणून निघताना खोलीचा व्हिडिओ ग्रुपवर टाका, असलेलं नुकसान बोलून दाखवा, आणि नव्या पार्टनरचं नाव व डिपॉझिटमधला त्याचा हिस्सा मालकाला मेसेजने कळवायला लावा. नव्याचं पोलीस व्हेरिफिकेशन मालकाने करायचं असतं, त्यासाठीही हा मेसेज कामाला येतो. पैसे यूपीआयने घ्या आणि रिमार्कमध्ये "डिपॉझिट, वाकड फ्लॅट" असं लिहायला सांगा. रोख घेतलेत तर वहीच्या पानावर दोघांच्या सह्या करा.

डिपॉझिट किती असावं याबद्दल "कायद्याने दोनच महिने" असं फिरत असतं. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातलं आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. मालकापुढे तो फडकवून उपयोग नाही.

निघायचा दिवस

किल्ली हातात द्या, शेजारच्यांकडे ठेवून जाऊ नका. किल्ली दिल्याचा वेळेसह मेसेज टाका. गॅसचं कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर ते बदला. आधार आणि बँकेतला पत्ताही.

कोणी मूळ मार्कशीट किंवा इतर मूळ कागद "सिक्युरिटी" म्हणून ठेवून घेतले असतील तर पैशांच्या आधी ते मागा. आणि पुढच्या ठिकाणी मूळ कागद कोणालाच देऊ नका, झेरॉक्स पुरते.

पैसे दिलेच नाहीत तर

आधी वर केलेला हिशेब आणि एक मुदत, समजा १५ दिवस, लिहून पाठवा. मुदत गेली की तेच पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. कागद आला की बरेच मालक आणि बरेच मित्रही पैसे देतात, कारण तोवर त्यांना वाटत असतं की गावी गेलेला मुलगा परत कशाला येतोय.

पोलीस ठाण्यात गेलात तर "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायला मिळेल, आणि नुसत्या डिपॉझिटच्या बाबतीत ते बरोबर असतं. सामान अडकवलं, कागद दाबून ठेवले, धमकी दिली तर मात्र लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तुम्ही अजून राहत असताना त्रास द्यायला वीज-पाणी तोडलं, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ बघा. सबळ कारणाशिवाय भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी तोडायला त्यात मनाई आहे.

वकील करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पुण्यात ते जिल्हा न्यायालयाशी जोडलेलं आहे, आणि देशभर त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. दावा दाखल करण्याआधीच समोरच्याला बोलावून तडजोडीचा प्रयत्न तिथे होतो. मुलींना आणि महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. पीजी जेवण, साफसफाई, वायफाय धरून पैसे घेत असेल तर ती सेवा आहे असं म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

दिवाणी दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत असते, ती पैसे देय झाल्यापासून मोजतात. मित्राकडे अडकलेल्या १५,००० साठी कोर्टात जावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मुदत संपेपर्यंत ते चॅट, स्टेटमेंट आणि मीटरचा फोटो डिलीट करू नका.